राजाच्या चित्रकाराची चित्रं इतकी कमी का?

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गाला स्पेनच्या वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ हे चित्र दाखवलं. हा राजाचा चित्रकार होता असं सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “बाई, मग तो रोज चित्रंच काढत असेल ना? त्याची हजारो चित्रं असतील!” मी शोधलं, तर आकडा सव्वाशेच्याही आत निघाला. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर राजाच्या पदरचा हा माणूस दिवसभर करत काय होता? मुलांनी वहीच्या पानावर लिहून दिलेले आणखी काही प्रश्नही सोबत पाठवते आहे.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आकडा खरा आहे. दिएगो वेलास्केझच्या हातची म्हणून जाणकार आज जी चित्रं मान्य करतात ती ११० ते १२० आहेत. चित्रकार म्हणून काम करण्याचा परवाना त्याला १६१७ साली मिळाला आणि १६६० साली तो वारला. म्हणजे ४३ वर्षांच्या कारकिर्दीत वर्षाला तीन चित्रंसुद्धा होत नाहीत. त्याच काळातल्या रुबेन्स या फ्लेमिश चित्रकाराच्या आणि त्याच्या कारखान्याच्या नावावर हजाराहून जास्त चित्रं आहेत.

याची कारणं तीन. पहिलं, काही चित्रं नष्ट झाली. १७३४ च्या नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदच्या जुन्या राजवाड्याला, अल्काझारला, आग लागली आणि पाचशेहून जास्त चित्रं जळाली. त्यात वेलास्केझचीही होती. ‘लास मेनिनास’ त्या आगीतून कसंबसं बाहेर काढलं गेलं. दुसरं, तो सावकाश काम करणारा होता. एकदा काढलेली रेघ पुन्हा पुन्हा तपासून बदलायचा. तिसरं कारण सगळ्यांत मोठं. राजाने त्याला चित्रकार म्हणून नेमलं आणि पायरी पायरीने राजवाड्याचा कारभारी करून टाकलं. आणि ही बढती त्याला स्वतःलाही हवी होती. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या कारणात आहे. ते नीट कळावं म्हणून मुलांचे प्रश्न मी क्रमाने घेतो.

प्रश्न : राजाने त्याला कसं शोधलं?

उत्तर : वेलास्केझ दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिलचा. ६ जून १५९९ रोजी तिथल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडिलांचं घराणं पोर्तुगालमधून आलेलं, आणि तो लावायचा ते वेलास्केझ हे आडनाव आईकडचं. तिकडे तशी रीत होती. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याला फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. करार सहा वर्षांचा. गुरूच्या घरीच राहायचं, पडेल ते काम करायचं आणि त्यातूनच शिकायचं. पाचेको चित्रकार म्हणून मध्यम होता, पण शिक्षक म्हणून मोठ्या मनाचा. शिष्य आपल्यापुढे जाणार हे त्याने ओळखलं, त्याला अडवलं नाही, उलट १६१८ साली आपली मुलगी हुआना त्याला दिली.

त्याच वर्षी, अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलाने अंडी तळणाऱ्या म्हातारीचं चित्र काढलं. ते आज एडिनबरोच्या संग्रहालयात आहे. मातीच्या भांड्यातल्या गरम तेलात अंड्याचा पांढरा भाग कडेने आळत चालला आहे, तो क्षण त्याने पकडला. पांढऱ्या वाडग्यावर सुरी आडवी ठेवली आहे आणि तिची सावली वाडग्याच्या खोलगट पोटात वाकली आहे. मुलांना ही सावली जरूर दाखवा. राजा अजून भेटायचा होता, पण ही नजर तेव्हाच तयार होती. साधी वस्तू असो की साधा माणूस, समोर जे आहे त्याच्याकडे तो पूर्ण लक्ष देऊन बघायचा.

१६२१ साली चौथा फिलिप गादीवर आला तेव्हा त्याला सोळावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. कारभार चालायचा तो त्याचा मंत्री ओलिवारेस याच्या हाताने. ओलिवारेसचे सेव्हिलशी जुने संबंध होते, त्यामुळे सेव्हिलच्या माणसांना माद्रिदचं दार उघडं झालं. १६२२ च्या शेवटी राजाच्या चित्रकारांपैकी एक जण वारला आणि जागा रिकामी झाली. वेलास्केझला बोलावणं आलं. त्याने आधी राजवाड्यातल्या एका धर्मगुरूचं चित्र काढलं. ते महालात फिरलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि ३० ऑगस्ट १६२३ रोजी खुद्द राजा त्याच्यासमोर बसला. ऑक्टोबरमध्ये नेमणूक झाली. राजा तेव्हा अठरा वर्षांचा होता, चित्रकार चोवीस. दोघांची ही सोबत पुढे ३७ वर्षं टिकली.

आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. हा फिलिप १६४० पर्यंत पोर्तुगालचाही राजा होता. त्यामुळे त्या वर्षांत गोव्यात ज्याच्या नावाने राज्य चालायचं, तो हाच लांब हनुवटीचा, फिकट चेहऱ्याचा माणूस. वेलास्केझच्या चित्रांत आपण त्यालाच बघतो.

प्रश्न : त्याला पगार किती होता? आणि तो करायचा काय?

उत्तर : सुरुवातीला महिन्याला २० डुकाट (हे तिकडचं तेव्हाचं चलन), आणि चित्रांचे पैसे वेगळे. १६२८ साली त्याला राजवाड्यातून रोजचा शिधा मंजूर झाला. कागदोपत्री तो राजाच्या खासगीतल्या न्हाव्यांच्या बरोबरीचा धरला होता. त्या काळच्या स्पेनमध्ये चित्रकाराची पायरी ही होती. चित्रकला म्हणजे हातकाम, आणि हाताने काम करून पोट भरणारा माणूस कितीही गुणी असला तरी सरदारांच्या पंगतीला बसायचा नाही.

पाचेकोने लिहून ठेवलं आहे की वेलास्केझच्या कामाच्या खोलीची किल्ली राजाकडे असायची, तिथे राजासाठी खुर्ची मांडलेली असायची आणि राजा जवळजवळ रोज येऊन त्याचं काम बघत बसायचा. एवढी जवळीक असूनही हुद्दा न्हाव्यांच्या बरोबरीचा. ही तफावत त्याच्या मनात घर करून राहिली असणार, कारण पुढची सगळी वर्षं तो ती भरून काढायला धडपडला.

१६२७ साली राजाने दरबारी चित्रकारांची स्पर्धा लावली. ती वेलास्केझने जिंकली आणि राजाच्या दालनाचा द्वारपाल ही जागा मिळवली. १६३६ साली तो राजाच्या वस्त्रागारात आला, १६४३ साली राजाच्या खासगी सेवकांत. १६५२ साली त्याला ‘आपोसेंतादोर मायोर’ नेमलं. नेमणुकीसाठी मत देणाऱ्या अधिकाऱ्यांना दुसरी माणसं हवी होती. राजाने त्यांचं मत बाजूला ठेवून वेलास्केझचं नाव लिहिलं. पगार वर्षाला ३,००० डुकाट.

या पदाला मराठीत एक नेमका शब्द नाही. आपल्या जुन्या दरबारातला फरासखाना, कोठी आणि खासगीचा कारभार एका माणसाकडे दिला, तर तो जे करील ते हे काम. राजवाड्यातल्या दालनांच्या किल्ल्या त्याच्याकडे. कोणत्या पाहुण्याला कुठली खोली द्यायची, झाडलोट झाली का, सरपण आलं का, गालिचे आणि पडदे कुठे लावायचे, समारंभात राजाची खुर्ची कुठे ठेवायची, हे सगळं त्याने बघायचं. राजा प्रवासाला निघाला की याने आधी पुढे जाऊन मुक्कामाच्या जागा तयार करायच्या. कोणत्या दालनात कुठलं चित्र टांगायचं हेही तोच ठरवायचा. या पदाच्या आधीही, राजासाठी चित्रं आणि शिल्पं मिळवण्याच्या कामावर त्याने १६४९ ते १६५१ अशी दोन वर्षं इटलीत घालवली होती.

वेळ गेला तो इथे. चित्र काढायला उरायचा तो या सगळ्यातून वाचलेला वेळ. तरीही ‘लास मेनिनास’ त्याने काढलं ते या पदावर असताना, १६५६ साली.

प्रश्न : राजा दिसायला चांगला नसेल तर तो चित्रात चांगला करायचा का?

उत्तर : मला हा प्रश्न सर्वांत आवडला. कारण दरबारी चित्रकार म्हटलं की आपण खुशामत धरूनच चालतो.

फिलिपचा जबडा त्याच्या घराण्याचा होता: पुढे आलेला, जड. वेलास्केझने तो लपवला नाही. राजाला त्याने बहुतेक वेळा काळ्या साध्या पोशाखात उभं केलं, अंगावर दागिन्यांची गर्दी नाही, मागे देवदेवता नाहीत. राजेपण दिसतं ते उभं राहण्यातल्या स्थिरपणात. १६२० च्या दशकातला तरुण चेहरा आणि १६५० च्या दशकातला ओघळलेल्या डोळ्यांचा चेहरा शेजारी ठेवून बघा. मधल्या काळात राणी इसाबेल गेली, युवराज बाल्तासार कार्लोस सोळाव्या वर्षी गेला, पोर्तुगाल हातातून निसटलं. यातलं काहीही चित्रात काढलेलं नाही, पण चेहऱ्यावर सगळं आहे.

राजालाही ते कळत होतं. १६५३ च्या एका खासगी पत्रात त्याने लिहिलं की नऊ वर्षांत आपलं चित्र निघालेलं नाही. वेलास्केझच्या संथपणाला सामोरं जायची इच्छा होत नाही, आणि स्वतःला म्हातारं होताना बघायचीही. आपला चित्रकार खोटं काढणार नाही याची याहून मोठी पावती दुसरी नाही. राजाने म्हणून त्याला दूर केलं नाही, दुसरा गोडबोल्या कुंचला शोधला नाही, हा राजाचा मोठेपणा.

रोममध्ये १६५० साली त्याने पोप दहावा इनोसंट याचं चित्र काढलं. लाल खुर्ची, लाल टोपी, लाल झगा, आणि त्यात समोरच्याला जोखणारे संशयी डोळे. ते बघून पोप “फारच खरं आहे” असं म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट नंतर रचलेली असेलही, पण रोममधल्या दोरिया पाम्फिली महालात आज त्या चित्रासमोर उभ्या राहणाऱ्याला ती पटते.

प्रश्न : त्याने बुटक्या माणसांची चित्रं का काढली?

उत्तर : स्पेनच्या दरबारात बुटकी माणसं, विदूषक आणि मतिमंद माणसं मन रिझवायला ठेवलेली असत. ती प्रथा क्रूर होती, हे मुलांना स्पष्ट सांगा. आधीच्या चित्रकारांनी त्यांना बहुतेकदा राजपुत्राच्या शेजारी उभं केलं, राजपुत्र उंच दिसावा म्हणून.

वेलास्केझने त्यांना एकेकटं, स्वतंत्र चित्रात आणलं. सेबास्तियान दे मोर्रा जमिनीवर बसला आहे, पाय सरळ पुढे पसरलेले, बुटांचे तळ आपल्याकडे, मुठी कमरेशी आवळलेल्या. चित्रकाराची नजर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे; वरून खाली बघणं नाही. मोर्रा थेट आपल्याकडे बघतो आणि त्या नजरेला नजर देताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. राजाचं चित्र ज्या गांभीर्याने काढलं, त्याच गांभीर्याने हे काढलं आहे. दया दाखवण्यासाठी काढलेली ही चित्रं नव्हेत. समोर माणूस आहे, एवढंच त्याने धरलं.

याच संदर्भात हुआन दे पारेहाची गोष्ट सांगायला हवी. पारेहा हा वेलास्केझचा गुलाम होता. होय, एवढी माणुसकीची नजर असलेला हा चित्रकार गुलाम बाळगत होता आणि ते त्या काळच्या सेव्हिल-माद्रिदमध्ये सर्रास चालायचं. ते झाकून ठेवू नका. इटलीच्या १६४९ ते १६५१ च्या त्या प्रवासात पारेहा बरोबर होता. वेलास्केझने त्याचं चित्र काढलं: लेसची पांढरी कॉलर, छातीशी आडवा हात, मान ताठ. १९ मार्च १६५० रोजी ते रोमच्या पँथिऑनमध्ये मांडलं गेलं आणि शहरभर नावाजलं गेलं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला वेलास्केझने पारेहाला मुक्त करणाऱ्या कागदावर सही केली. अट अशी, की आणखी चार वर्षं सेवा करायची. त्यानंतर पारेहा स्वतः चित्रकार म्हणून जगला. त्याचं १६६१ सालचं ‘संत मॅथ्यूला पाचारण’ हे मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. आणि वेलास्केझने काढलेलं पारेहाचं चित्र १९७० साली लंडनच्या लिलावात २३ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकलं गेलं. दहा लाख पौंडांच्या वर गेलेलं ते पहिलं चित्र.

प्रश्न : ‘लास मेनिनास’मध्ये त्याच्या छातीवर लाल क्रॉस आहे तो कसला?

उत्तर : तो सांतियागोच्या सरदारमंडळाचा. चित्र काढलं १६५६ साली, तेव्हा त्याला तो मान मिळालेला नव्हता. क्रॉस नंतर रंगवला गेला.

या मानासाठी घराणं कुलीन असावं लागे, आणि उमेदवाराने हातकाम करून पोट भरलेलं नसावं लागे. १६५८ ला चौकशी सुरू झाली. अधिकारी गावोगाव फिरले, १४८ साक्षीदारांचे जबाब घेतले. झुर्बारान, आलोन्सो कानो यांच्यासारखे चित्रकार साक्षीला आले. वेलास्केझने चित्रं विकून कधी पोट भरलं नाही, राजाच्या आनंदासाठीच काढली, असं सांगितलं गेलं. तरी कुलीनपणाचा पुरावा कमी पडला. शेवटी राजाने पोपकडून सूट मिळवली आणि २८ नोव्हेंबर १६५९ रोजी वेलास्केझ सरदार झाला. आयुष्याचे तेव्हा नऊ महिनेही उरले नव्हते.

आता चित्राकडे पुन्हा बघा. साधारण सव्वातीन मीटर उंच आणि पावणेतीन मीटर रुंद असा हा कॅनव्हास. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता. तिला लाल मातीच्या छोट्या भांड्यातून पाणी देणारी सखी, वाकून नमस्कार करणारी दुसरी सखी. उजवीकडे मारी बार्बोला ही बुटकी बाई, आणि झोपाळलेल्या कुत्र्याला पायाने डिवचणारा निकोलासितो. मागच्या आरशात राजा-राणी अंधूक दिसतात. दारातल्या पायऱ्यांवर होसे निएतो थांबला आहे. तो राणीकडचा कारभारी, म्हणजे वेलास्केझ राजाकडे जे काम करायचा तेच राणीकडे करणारा. आणि डावीकडे, कॅनव्हासमागून डोकावणारा, हातात कुंचला धरलेला स्वतः चित्रकार.

त्याच्या कमरेकडे बघा. तिथे किल्ली खोचलेली आहे. कारभाऱ्याची किल्ली. आपली दोन्ही कामं त्याने एकाच चित्रात ठेवली आहेत. किल्ली कमरेला आहे, पण हात थांबला आहे तो कुंचल्यावर, आणि नजर समोरच्या माणसावर. मला यात तक्रार दिसत नाही. चित्रकार म्हणून आपण राजाच्या घरात, राजघराण्याच्या शेजारी ताठ उभे राहू शकतो, हे त्याने चौकशी सुरू होण्याच्या दोन वर्षं आधीच रंगवून ठेवलं होतं. १४८ जबाबांनी जे सिद्ध झालं नाही, ते या चित्राने केलं.

प्रश्न : तो शेवटी कसा वारला?

उत्तर : कारभाऱ्याचं काम करून आल्यावर. १६६० साली फिलिपची मुलगी मारिया तेरेसा हिचं लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी व्हायचं होतं. दोन्ही राजांची भेट सरहद्दीवरच्या बिदासोआ नदीतल्या फेझंट बेटावर व्हायची होती. वेलास्केझ एप्रिलमध्येच माद्रिदहून निघाला. वाटेतले मुक्काम आणि बेटावरच्या मंडपाची स्पेनच्या बाजूची सजावट त्याच्याकडे होती. जूनच्या अखेरीस तो परतला. ३१ जुलैला ताप आला आणि ६ ऑगस्ट १६६० रोजी, एकसष्टाव्या वर्षी, तो गेला. आठ दिवसांत त्याची बायको हुआनाही गेली. राजवाड्याच्या हिशेबातली त्याच्या नावावरची बाकी आणि त्याचा थकलेला पगार यांचा घोळ १६६६ पर्यंत चालला. ज्या चर्चमध्ये त्याला पुरलं ते पुढे नेपोलियनच्या भावाच्या राजवटीत पाडलं गेलं. त्या जागी आज माद्रिदचा रामालेस चौक आहे. १९९९ साली तिथे उत्खनन झालं, पण त्याचे अवशेष मिळाले नाहीत.

तुमच्या विद्यार्थिनीला आता इतकं सांगा : राजाने त्याचा वेळ घेतला, म्हणून चित्रं कमी. पण कसं बघायचं हे राजाने कधी ठरवलं नाही, म्हणून जी आहेत ती साडेतीनशे वर्षांनीही जिवंत. अंडी तळणारी म्हातारी, पोप, पारेहा, मोर्रा आणि राजा, पाचही जणांना त्याने एकाच मापाने मोजलं. चित्रकार मोजायचा तो या मापाने, चित्रांच्या संख्येने नव्हे.

आणि एक विनंती. प्रादो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ‘लास मेनिनास’ मोठ्या आकारात बघता येतं. शाळेत पडद्यावर ते पूर्ण दाखवा, मग राजकन्येच्या बाहीवर जवळ जा. दुरून रेशीम दिसत होतं तिथे मुलांना रंगाचे मोकळे, भरभर ओढलेले फटकारे दिसतील. पुन्हा मागे या, रेशीम परत येईल. असं तीन-चार वेळा करा, आणि मग मुलांना कमरेची ती किल्ली शोधू द्या.